चालणारं मशीन बाद कोणी ठरवायचं?

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. त्याला आता बरेच महिने झाले, तरी दुकानात अजून कुणी ना कुणी विचारतंच, "आता नवीन कॉम्प्युटर घ्यावाच लागणार का?" गिऱ्हाईक उभं असताना अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहिते.

माझं कणकवलीजवळ झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. मी इंजिनिअर नाही. पण दिवसभर लोकांचे फोन आणि माझ्या टेबलावरचे कॉम्प्युटर यांच्यातच असते, आणि या बाबतीत माझं मत ठाम आहे. मशीन सुरक्षित ठेवणं ही ते विकणाऱ्याची जबाबदारी. ते बदलायचं कधी, हे वापरणाऱ्याने ठरवायचं. आज या दोन्ही गोष्टी एकाच अपडेटला बांधून टाकल्यात, आणि सामान्य माणसाची सगळी फरफट तिथूनच सुरू होते.

आधी घाबरलेल्यांसाठी. सपोर्ट संपला म्हणजे मशीन बंद पडत नाही. ते कालच्यासारखंच चालू होतं, प्रिंट निघते, टॅली चालते. थांबतात ते सुरक्षेचे अपडेट, म्हणजे नवीन भगदाड सापडलं की ते बुजवणारं कुणी उरत नाही. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने ही मुदत 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढवून दिली आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे पडत नाहीत. ज्यांना बॅकअप नको, त्यांच्यासाठी 30 डॉलरचा पर्याय आहे. अपडेटच्या पानावर जाऊन नोंदणी करायची असते, आपोआप होत नाही. ज्यांनी केली नसेल त्यांनी हे वाचून झाल्यावर करा.

विंडोज 11 सगळ्यांना का मिळत नाही, तर त्याला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. आठवी पिढी बाजारात आली 2017 मध्ये. त्याआधी घेतलेला कॉम्प्युटर कितीही चांगला चालत असला, तरी यादीत नाही. "बायपास करून 11 टाकून देतो", म्हणजे ही अट चुकवून, असं म्हणणारे भेटतील. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणजे ज्यासाठी बदल करायचा तेच हातात येत नाही.

"मग अपडेट नकोच, आमच्याकडे चोरायला आहे काय?" असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. जून 2017 मध्ये नॉटपेट्या नावाचा कॉम्प्युटरवरचा हल्ला जगभर पसरला, तेव्हा आपल्याच किनाऱ्यावर, उरणच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. हा हल्ला ज्या वाटांनी पसरला, त्यातली एक वाट बंद करणारा अपडेट मार्च 2017 मध्येच आलेला होता. बंदराचं एवढं होतं, तर आपल्या कॉम्प्युटरवर गावातल्या लोकांचे आधार, पासबुकं, सातबारे पडलेले असतात. ते माझे नाहीत. लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवून दिलेत. म्हणून सुरक्षेच्या अपडेटला मी कधी नाही म्हणणार नाही.

पण त्या अपडेटच्या पाठीवर बसून बाकीचं जे येतं, त्याला माझा विरोध आहे. बटणं हलवणं, मेनू लपवणं, चित्रं बदलणं. विंडोज 8 ने 2012 मध्ये स्टार्टचं बटणच काढून टाकलं, लोक ओरडले म्हणून पुढच्या वर्षी 8.1 मध्ये परत आणलं. विंडोज 11 मध्ये ते डाव्या कोपऱ्यातून उठून मधोमध आलं. सेटिंगमधून परत डावीकडे नेता येतं, पण हे माहीत किती जणांना? राइट क्लिक केलं की कट, कॉपी, पेस्ट असे शब्द दिसायचे, तिथे विंडोज 11 आलं तेव्हा नुसती चित्रं आली, शब्द परत आले ते 2024 च्या अपडेटमध्ये. इंग्रजी वाचायला कष्ट पडत असतानाही ज्यांनी ते शब्द कुठे असतात हे हाताला लावून घेतलं होतं, त्यांचं काय?

माझ्याकडे टायपिंगला येणाऱ्या ताई कीबोर्डकडे न बघता मराठी टाइप करतात. डोळे कागदावर, बोटं चालू. ही काही एका दिवसात आलेली गोष्ट नाही. एमएस-सीआयटीच्या वर्गात एक्सपीवर माऊस धरायला शिकलेल्या आम्ही बायका. एक्सपी गेलं, सेव्हन आलं, मग टेन. प्रत्येक वेळी कळफलक, फॉन्ट, फाइल ठेवायच्या जागा नव्याने बसवाव्या लागल्या. जुन्या फॉन्टात टाइप केलेले करारनामे नव्या मशीनवर उघडले की देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, कारण ते फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखेच वाचले जाणाऱ्या अक्षरांचे, नव्हते. मग कन्व्हर्टर शोधा, जोडाक्षरं हाताने दुरुस्त करा. नव्या मशीनच्या किमतीत हा वेळ कुणी धरत नाही. बिल फक्त मशीनचं येतं.

फोनवाल्यांचं तर विचारूच नका. एक काकी परवा फोन घेऊन आल्या. रात्रीत अपडेट झाला आणि फोन उचलायची पद्धतच बदलली. आधी बोट एका दिशेला सरकवायचं, आता दुसरीकडे. "गो बाय, माका ह्यात कायच गावना नाय. झिलाचो फोन येता नि उचलूकच गावना नाय," म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. मुलगा मुंबईला, घरात एकट्या. सुरक्षेसाठी फोन उचलायची पद्धत बदलावी लागते, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

आता कोकणापुरतं बोलते, कारण ही बाजू शहरातल्या लेखांत येत नाही. आपल्याकडे यंत्रं येतात तीच अर्ध्या वयाची. गणपतीला, नाहीतर मे महिन्यात चाकरमानी येतात, नवीन फोन घेतलेला असतो, जुना आईबाबांना. ऑफिसातून काढलेले लॅपटॉप पुतण्याला. शाळेला देणगीत मिळालेले सीपीयू. माणसं प्रेमाने आणतात, आणि ती यंत्रं पुढे वर्षानुवर्षं चालतात. पण कंपन्या अपडेटची वर्षं मोजतात ती मॉडेल बाजारात आल्यापासून. गूगलने पिक्सेल 8 ला आणि सॅमसंगने एस 24 ला 7 वर्षांचं आश्वासन दिलं, ही चांगलीच गोष्ट झाली, पण ते महागडे फोन. बऱ्याच स्वस्त फोनना याच्या निम्मंही मिळत नाही. मुंबईत दोन-तीन वर्षं वापरून तो फोन घाटाखाली येतो, तेव्हा मुदत संपत आलेली असते. मग एक दिवस बँकेचं ॲप म्हणतं, "हा फोन चालणार नाही." ज्यांच्याकडे साधा जिओफोन होता, त्यांचं व्हॉट्सॲपही 2025 मध्ये असंच बंद झालं. 2018 मध्ये ते त्या फोनवर आलं होतं, तेव्हा कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी पहिल्यांदा नातवंडांचे फोटो बघितले होते.

युरोपात 20 जून 2025 पासून नियम लागू झाला: स्मार्टफोनची विक्री ज्या दिवशी थांबते, तिथून पुढे किमान 5 वर्षं अपडेट द्यायचे. मोजणी शेवटच्या विक्रीपासून. मला हेच हवंय, आणि इथे हवंय. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. स्क्रीन आणि बॅटरीइतकाच सॉफ्टवेअरचा अपडेट हाही दुरुस्तीचाच भाग आहे, आणि तो तसाच धरला जायला हवा.

यंत्र टिकवायची अक्कल आपल्या लोकांत कमी नाही. खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात कॉम्प्युटर चालवणं सोपं नसतं. जुलैत मशीन चालू होत नाही, नुसतं बीप करतं, तेव्हा आमचा दुरुस्तीवाला पोरगा रॅम काढतो, खोडरबराने तिचे पाय घासतो, परत बसवतो आणि मशीन चालू. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली की 2015-16 चं मशीनही नव्यासारखं उघडतं. असं सांभाळलेलं मशीन दूरवरच्या एका तारखेमुळे भंगारात घालायचं, हे मला पटत नाही.

माझ्या दुकानात एक मशीन मी लिनक्स मिंटवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या दुसऱ्या प्रणालीवर, नेलंय. फुकट आहे, 4 जीबी रॅमवर निभतं, आणि दिसायला जुन्या विंडोजच्या जवळचं, डाव्या कोपऱ्यात मेनू. इन्स्क्रिप्ट कळफलकाने मराठी टाइप होतं, लिब्रे ऑफिसमध्ये वर्डच्या फाइल उघडतात, तक्ते कधीकधी सरकतात. फॉर्म भरणं, पीडीएफ, ईमेल सगळं त्यावर होतं. पण डिजिटल सहीचा डोंगल आणि बोटाचा ठसा घेणारं यंत्र यांच्यासाठी मला अजून विंडोजच लागतं, आणि माझ्या जुन्या प्रिंटरने फार छळलं. त्यामुळे माझ्यासारखं दुकान असेल तर सगळी मशीनं एकदम बदलू नका. घरी मुलाच्या अभ्यासाला किंवा शाळेच्या संगणक खोलीत मात्र बिनधास्त टाका. याच किनाऱ्यावर खाली केरळात सरकारी शाळा गेली अनेक वर्षं लिनक्सवरच शिकवतायत. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेने बनवलेली बॉस नावाची भारतीय प्रणालीही आहे. मग आपल्या जिल्ह्यातल्या शाळांनी विंडोज 11 चालत नाही म्हणून चांगली मशीनं कुलपात का ठेवायची?

शेवटी गणपतीला येणाऱ्यांना एक मागणं. घरी द्यायचा फोन आणाल, तेव्हा आधी सेटिंग्जमध्ये जाऊन शेवटचा सिक्युरिटी अपडेट कधीचा आहे ते बघा. वर्षापेक्षा जुना असेल तर त्यावर बँकेचं ॲप टाकून देऊ नका. भाषा मराठी करा, अक्षर मोठं करा. आधीच्या फोनवर पहिल्या स्क्रीनवर जे जिथे होतं, ते तिथेच लावा. आणि परत जायच्या आधी आईला समोर बसवून, तिच्याच हाताने, चार वेळा फोन उचलायला लावा.