होमब्रू अर्धवट काढल्याच्या तक्रारीस दुकानाचे उत्तर

नमस्कार. मॅकबुकमधून होमब्रू (मॅकवर इतर सॉफ्टवेअर बसवून देणारा प्रोग्राम) पूर्णपणे काढण्याचे पैसे घेऊनही टर्मिनल उघडताच एररचा संदेश येतो, डिस्कवर अपेक्षेइतकी जागा मोकळी झालेली नाही आणि नोड (जावास्क्रिप्ट प्रोग्राम चालवणारे सॉफ्टवेअर) बंद पडले, असे आपण लिहिले आहे. यांपैकी पहिल्या दोन तक्रारी आम्हाला मान्य आहेत.

होमब्रूची अनइन्स्टॉल स्क्रिप्ट आपल्या होम फोल्डरमधील झेडप्रोफाइल या, टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या, सेटिंगच्या फाइलला हात लावत नाही. इन्स्टॉल करतेवेळी तेथे घातलेली ओळ तशीच राहते आणि प्रत्येक नवे टर्मिनल आता अस्तित्वात नसलेल्या ब्रू या होमब्रूच्या कमांडला शोधू लागते. ती ओळ पुसणे हे आमचेच काम होते.

जागेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. आपण जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये यूएसआर-लोकल या सिस्टिम फोल्डरमधला सेलर (होमब्रू आपली पॅकेजे ठेवते तो) फोल्डर दिसतो. तो जुन्या इंटेल मॅकवरून मायग्रेशन असिस्टंट या डेटा नव्या मॅकवर हलवणाऱ्या ॲपबरोबर आलेला असणार. इंटेल मॅकवर होमब्रू तेथे राहते, तर ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर ते ऑप्टमधील होमब्रू फोल्डरमध्ये राहते, आणि स्क्रिप्टला वेगळा मार्ग सांगितला नाही तर ती आपल्या मॅकवर केवळ हे दुसरे ठिकाण साफ करते. जुने मॅक बदललेल्या ग्राहकांकडे अशी दोन होमब्रू असू शकतात हे ठाऊक असूनही आम्ही तपासले नाही, याबद्दल मी दिलगीर आहे. यूएसआर-लोकलमध्ये इतर सॉफ्टवेअरच्या फाइलीही असतात, म्हणून तो फोल्डर कृपया स्वतः सरसकट डिलीट करू नये.

नोडबद्दल मात्र आमचा नाइलाज आहे. ते होमब्रूनेच बसवलेले होते, त्यामुळे त्याच्याबरोबर जाणारच होते, आणि काम सुरू करण्यापूर्वी पॅकेजांची यादी पाठवून आम्ही आपली संमती घेतली होती. (त्या लांबलचक यादीत निम्म्याहून अधिक नावे कधी न ऐकलेल्या लायब्रऱ्यांची होती आणि ती कोणी नीट वाचेल ही अपेक्षा जरा जास्तच होती, हे कबूल करतो.) आपल्या प्रोजेक्टचे फोल्डर सुरक्षित आहेत, नोड त्याच्या स्वतंत्र इन्स्टॉलरने पुन्हा बसवता येईल.

उरलेले काम आम्ही विनामूल्य करून देऊ. टाइम मशीनचा बॅकअप घेऊन यावे. जुन्या मॅकवर होमब्रूमधून पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर आधी कळवावे, कारण त्याचा डेटा यूएसआर-लोकलमधील व्हार फोल्डरमध्ये असतो आणि तो साफ करण्यापूर्वी बाहेर काढून ठेवावा लागेल.