फुल बूस्टला 11.6 का ठेवलं: मस्कतच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही मस्कतला बावीस वर्षं गॅरेज चालवलंत आणि माझ्या वडिलांच्या वयाचे आहात, म्हणून काकाच म्हणतो. पोर्शे 930 या जुन्या टर्बो गाडीच्या डायनोवर (चाकांवरची ताकद मोजणारं यंत्र) मी लेख लिहिला. फुल बूस्टला, म्हणजे टर्बो पुरत्या जोराने हवा कोंबत असताना, मिक्श्चर 11.6 ठेवलं असं त्यात होतं: एक भाग पेट्रोलला वजनाने 11.6 भाग हवा. आकडा लहान तितकं मिक्श्चर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त; मोठा तितकं लीन. त्यावर तुमचं म्हणणं असं: "पोरा, फुल बूस्टला 11.6 म्हणजे इंजिन पेट्रोलात बुडवलंस. ताकद 12.8 ला असते. मिक्श्चरचा सीओ स्क्रू पाव फेरा लीन कर. कंपनी 300 सांगते तिथे तुला 248 मिळाले, म्हणजे इंजिन थकलंय. आम्ही कानाने आणि प्लगच्या रंगाने गाड्या लावल्या, डायनो कधी लागला नाही."

248 हॉर्सपॉवरचं आधी सांगून टाकतो. 300 हा 1978 पासूनच्या 3.3 लिटर इंजिनाचा आकडा. तो फ्लायव्हीलवरचा (थेट इंजिनाच्या टोकाला मोजलेला), डीआयएन या जर्मन मानकाच्या पद्धतीचा, म्हणजे 20 अंश तापमान आणि समुद्रसपाटीचा दाब धरून काढलेला. आम्ही मोजलं ते मागच्या चाकांवर, गिअरबॉक्स आणि टायर आपापला वाटा खाऊन झाल्यावर. तेही बंगळूरला, 900 मीटर उंचीवर, जिथे हवेचा दाब 910 मिलिबारच्या आसपास असतो. वेस्टगेट (बूस्टला मर्यादा घालणारी झडप) 0.8 बार धरतं ते बाहेरच्या हवेच्या वर. बाहेरचा दाबच कमी असला की मॅनिफोल्डमधला एकूण दाबही तेवढा खाली येतो. लीकडाउन टेस्टमध्ये (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती बघतात) सहाही सिलिंडर ठणठणीत निघालेत. डायनोच्या ग्राफला उंची-तापमानाची कुठलीही दुरुस्ती लावलेली नाही हे मात्र मी लिहायला हवं होतं. ती चूक माझी, लेखात आता ओळ घातली आहे.

खरा वाद 11.6 चा. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाला सगळ्यात जास्त ताकद 12.6 ते 13 च्या दरम्यान मिळते, तिथे तुमच्याशी माझं भांडण नाही. पण हे इंजिन एअर-कूल्ड, टर्बोचं, आणि त्याला नॉक सेन्सर नाही. पिंकिंग (नॉक, म्हणजे आतलं मिक्श्चर आपोआप भडकून ठोके पडणं) सुरू झालं तर इग्निशन मागे घेणारं कुणी नाही. 5,000 आरपीएमला टर्बो ओरडत असताना कानाला ते वेळेत कळेल याची खात्री मी देणार नाही. बूस्टमध्ये जे जास्तीचं पेट्रोल जातं ते जळण्यासाठी जातच नाही. त्याची वाफ होताना ते आतल्या हवेतली उष्णता ओढून घेतं, पिस्टनचा माथा त्यावर वाचतो.

तुमचं 12.8 मी डोळ्यांनी पाहिलंय. डायनोवर दुसरा रन चालू होता, तिसऱ्या गिअरमध्ये. 3,500 आरपीएमला वाइडबँड (धुरावरून मिक्श्चर सांगणारा मीटर) 11.9 दाखवत होता, मग 12.4, आणि 4,400 ला 12.9. मी हात वर केला, डायनोवाल्याने पाय काढला. अर्धा तास शोधल्यावर सापडलं ते एवढंसं: वॉर्म-अप रेग्युलेटरकडे जाणारी बारीक रबरी नळी, तिच्या टोकाला करंगळीच्या नखाएवढी चीर. बोटांनी वाकवली तरच दिसायची. के-जेट्रॉनिक ही या गाडीची यांत्रिक इंजेक्शन पद्धत: आत जाणारी हवा सेन्सर प्लेट उचलते, प्लेट एक प्लंजर ढकलते आणि तितकं पेट्रोल सुटतं. त्या प्लंजरवर वरून पेट्रोलचंच कंट्रोल प्रेशर बसलेलं असतं. बूस्ट आला की रेग्युलेटरने ते उतरवायचं, मग प्लेट जास्त उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. नळी चिरल्यामुळे रेग्युलेटरला बूस्ट आल्याचं कळतच नव्हतं. गाडी दोन पावसाळे उभी होती आणि ते रबर जुनंच होतं. नळी बदलल्यावर तोच रन 11.6 ला आला.

म्हणूनच पाव फेऱ्याला माझा विरोध आहे, काका. 3 मिलिमीटरच्या ॲलन-कीने तो स्क्रू मी फिरवतो तेव्हा आठव्या भागापेक्षा जास्त एका वेळी फिरवत नाही, आणि किल्ली बाहेर काढल्याशिवाय ॲक्सिलरेटरला हात लावत नाही. त्याचा सगळा जोर आयडलवर. तिथे लीन केलं असतं तर गाडी सिग्नलला धडपडली असती, गरम असताना स्टार्ट व्हायला रडली असती, आणि बूस्टमध्ये किरकोळ फरक पडला असता. बूस्टचं मिक्श्चर कंट्रोल प्रेशरवर ठरतं.

आता गोव्याचं. डायनो बंगळूरला झाला, पण गाडी आता इथे गोव्यात, फोंड्याला आहे. ही प्लेट हवेचं वजन मोजत नाही, झोत मोजते. हवा 10 टक्के विरळ झाली की मिक्श्चर साधारण 5 टक्के रिच होतं, आणि घाट उतरून खाली आलं की तेवढंच लीन. बंगळूरचं 11.6 फोंड्याला पोचेपर्यंत 12.1 होतं. हिशेबाने तसं यायला हवं होतं, आणि परतल्यावर मीटरवरही तेच आलं. तिथे 12.8 ठेवून आलो असतो तर इथे 13.4 झालं असतं, मे महिन्यात, 0.8 बारवर. गाडी माझी नाही, एका माणसाने विश्वासाने हातात दिलेली आहे. मी ते करणार नाही.

त्यात ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल. ही गाडी बनली तेव्हाच्या पेट्रोलात इथेनॉल नव्हतं. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला 14.7 पट हवा लागते, ई-20 ला 13.5 च्या आसपास. के-जेट्रॉनिक मोजून देतं तेवढंच देतं, तेव्हा जुन्याच सेटिंगवर ई-20 भरलं की सात-आठ टक्के लीन झालंच. इथेनॉल नॉक थोडं आवरतं हे मान्य, पण त्या भरवशावर बूस्टमध्ये लीन चालवायची माझी तयारी नाही. आणि मीटरवरचं 11.6 हे लॅम्ब्डाला (पूर्ण जळायला लागते त्याच्या किती पट हवा आहे तो आकडा) 14.7 ने गुणून आलेलं आहे, लॅम्ब्डा 0.79. गोव्यात तो 0.82 होतो. टाकीत काहीही असो, लॅम्ब्डा तोच अर्थ सांगतो, म्हणून इथून पुढे मी लॅम्ब्डाच लिहीन.

राहिला स्पार्क प्लग. तुमच्या काळी शिसं असलेल्या पेट्रोलवर पोर्सेलीनला रंग चढायचा. आपल्याकडे 2000 पासून देशभर शिसं बंद झालं, आता बराच वेळ चालवूनही रंग धड कळत नाही. तरी तुमची प्रतिक्रिया वाचून काल रात्री सहाही प्लग काढले. पाच फिकट तपकिरी. तिसऱ्या सिलिंडरचा पांढरा, म्हणजे तिथे लीन.

डायनोवर हे दिसलंच नसतं. मीटरचा सेन्सर टर्बोनंतर आहे, तिथे सहा सिलिंडरांचा धूर एक होऊन येतो, आणि आकडा येतो तो सरासरीचा. पाच रिच नि एक लीन असेल तरी मीटर 11.6 च म्हणेल. हे तुमच्यामुळे सापडलं.

तिसऱ्याचा इंजेक्टर कमी सोडत असावा असं वाटतं. रविवारी सकाळी पंप चालू करून, प्लेट हाताने उचलून, सहाही इंजेक्टर सहा मोजपात्रांत सोडून बघणार आहे. तुम्ही म्हापशाहून फोंड्याला येणार असाल तर साडेनऊपर्यंत थांबतो. प्लग पुसलेले नाहीत, नंबर लावून ट्रेमध्ये ठेवलेत.