डांबरगोळ्यांच्या वासाने कसर मरत नाही

पावसाळा लागला की आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास उगवतो. यंदा तीनदा आला. मजकूर थोडक्यात असा: ट्यूबलाइटभोवती बारीक पाखरं दिसली की समजा कपाटाला कसर लागली. भिंतीला चिकटलेल्या राखाडी बिया ही तिची अंडी. सुती, रेशमी, लोकरी काहीच सुटत नाही. उपाय म्हणजे कप्प्याकप्प्यात मूठभर डांबरगोळ्या आणि कडुलिंबाचा पाला, नाहीतर तासभर ऊन. शेवटी हात जोडलेले आणि ‘दहा जणांना पाठवा’.

मी पाठवत नाही. गेल्या वर्षी यावरच विसंबून मी वडिलांच्या पाच शाली घालवल्यात.

आधी पाखरांचं. लोकरीवर अंडी घालणारं पाखरू फिकट सोनेरी, तांदळाच्या दाण्याएवढं, आणि उजेडापासून पळणारं. कपाट उघडलं की ते घडीत शिरतं. दिव्यावर झेपावतात ती पाखरं निराळी. शिवाय हे पाखरू स्वतः काही खातच नाही, खाते ती त्याची अळी. म्हणजे उडणारं पाखरू चप्पल मारून पाडलं तरी आत जेवण चालूच असतं.

भिंतीवरच्या भोपळ्याच्या बीसारख्या वस्तू अंडी नव्हेत. ती एका वेगळ्या अळीची घरं, धूळ-वाळूचे कण रेशमाने चिकटवून केलेली. जरा वेळ बघत राहा, एका टोकातून डोकं बाहेर काढून ती घर ओढत चालते. तिचं मुख्य खाणं कोळ्याची जुनी जाळी. कधी लोकरही कुरतडते, पण भिंतीवर एक दिसली म्हणून पैठण्या गेल्या असं नाही. जळमटं काढा.

‘काहीच सुटत नाही’ या वाक्यात खरा घोळ आहे, आणि तो आपल्या भाषेचाही आहे. कसर हे नाव आपण दोन वेगळ्या किड्यांना देतो. एक चंदेरी, सरपटणारी, शेपटीला तीन केस असलेली. तिला खळ लागते, म्हणून ती पुस्तकांच्या बांधणीत आणि स्टार्च केलेल्या सुती साड्यांत सापडते. दुसरी ही पाखराची अळी. तिला लोकर, रेशीम, पिसं, केस पचतात. स्वच्छ सुती कापडात तिला काही मिळत नाही. घामाचा किंवा आमटीचा डाग असेल तर मात्र ती कुठेही तोंड घालते.

आता शाली. वडिलांच्या सत्कारांच्या सहा शाली बेडच्या बॉक्समध्ये होत्या, सोबत मूठभर गोळ्या. ऑक्टोबरात उघडलं तर वासाने डोळ्यांत पाणी आलं आणि शालींना भोकं. मरून शालीवर मरून रंगाची रेती, हिरवीवर हिरवी. ती अळीची विष्ठा, खाल्लेल्या लोकरीच्या रंगाची. सहावी शाल जशीच्या तशी, कारण ती ॲक्रिलिकची निघाली. कोणत्या मंडळाने खरी लोकर दिली होती ते असं कळलं!

गोळ्या खोट्या नव्हत्या. गोळ्यांतल्या नॅफ्थलिनची वाफ आत दाट साचली तरच अळी मरते, आणि त्यासाठी डबा घट्ट बंद लागतो. आजीची पत्र्याची ट्रंक तशी होती. प्लायवूडच्या बॉक्सच्या फटींतून वाफ बेडरूममध्ये येते आणि आपण ती हुंगत झोपतो. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर गोळ्या मुळीच नकोत. जी-सिक्स-पीडी या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी नॅफ्थलिनने फुटतात, कावीळ होते.

कडुलिंबाचा ओला पाला ठाण्यातल्या जुलैत कपाटात ठेवून बघा. कसर जाईल न जाईल, बुरशी नक्की येईल.

उन्हाला मात्र मी पूर्ण मोडीत काढणार नाही. कपड्यांना ऊन दाखवायची जुनी रीत चांगलीच होती, फक्त त्यात ऊन अर्धंच काम करायचं. आजी प्रत्येक घडी उलगडायची, झटकायची, शिवणीवरून ब्रश फिरवायची. अंडी-अळ्या गळायच्या त्या त्यामुळे. घडीचा गठ्ठा तासभर गॅलरीत ठेवला तर आतली अळी सावलीतच बसते, आणि वरच्या रेशमाचा रंग मात्र उडतो.

मग करायचं काय? माझी खरी चूक गोळ्यांच्या आधीची होती. सत्कारात खांद्यावर घेतलेली, मानेचा घाम लागलेली शाल मी तशीच घडी करून ठेवली होती. ड्रायक्लीनिंगमध्ये अंडी-अळ्या मरतात, त्यामुळे आधी ते, मग झिपच्या पिशवीत. ज्या कपड्याबद्दल शंका आहे तो पिशवीत घालून, हवा दाबून काढून, उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर. जुन्या एकदारी फ्रीजमधला बर्फाचा कप्पा तेवढा गार होत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर दमट हवेचं पाणी कापडावर धरतं. बॉक्सचे कोपरे आणि फळ्यांच्या फटी व्हॅक्यूमने काढा, एकदा नव्हे, दर पंधरवड्याला.

हे सगळं उरकल्यावर वडिलांची बाजाची पेटी आठवली. सुरांच्या पट्ट्यांखालचा फेल्ट म्हणजे दाबलेली लोकरच. काळी चारखाली तो खाल्लेला निघाला. पेटी काही फ्रीजरमध्ये मावत नाही, तेव्हा पट्ट्या उचलून, व्हॅक्यूमची बारीक नळी फिरवून फेल्ट बदलून घेतला.