डाग पलीकडे गेला म्हणजे संपला असं नाही

सौरडागांवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय की सौरडाग, म्हणजे सूर्यावर दिसणारा काळा डाग, दोन आठवड्यांत सूर्यकडेला जाऊन संपतो. संपतो कुठे, तो फक्त आपल्या नजरेआड जातो! पृथ्वीवरून पाहताना सूर्याची स्वतःभोवतीची एक फेरी साधारण २७ दिवसांची, म्हणून दांडगा डाग पुन्हा पूर्वेच्या कडेवर उगवतो. मे २०२४ मध्ये लडाखच्या आभाळात तांबडा ध्रुवीय प्रकाश दिसला, तो ज्या डागांच्या समूहातल्या स्फोटांमुळे, त्याचा क्रमांक ३६६४. महिनाअखेर तोच परत आला, पण नंबर नवा, ३६९७. जूनमध्ये तिसऱ्यांदा आला तेव्हा ३७२३ झाला होता. पहिल्या फेरीत मी खानापुरात माडीवर दुर्बिणीतून पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्याची प्रतिमा पाडून बघितली होती (डोळा लावून कधीच बघू नका). तिसऱ्या फेरीला मात्र आमच्याकडे पाऊस, सूर्यच गायब.

आणि डाग म्हणजे नुसती 'थंड जागा' नव्हे. आतून चुंबकीय क्षेत्राचे झोत वर येतात, खालून येणारी उष्णता अडवतात, म्हणून भोवतालच्या साधारण ५५०० अंश सेल्सिअसपुढे तिथं ३५०० च्या आसपास राहतं. आधी बारीक काळे ठिपके, मग ते एकत्र येऊन मधला गडद भाग आणि भोवती फिकट झालर. मोडताना उलट, उजळ पट्टे शिरून तुकडे होतात. त्या झालरीतून वायू बाहेरच्या दिशेनं वाहतो हे जॉन एव्हरशेड या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञानं १९०९ मध्ये कोडाईकनालच्या वेधशाळेत शोधलं. लेखात त्याचं नावच नाही, हे खटकलं.