औषध देऊ द्या, पण वहीत लिहा

सांगलीकडच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर सध्या एकच भांडण पेटलंय: डॉक्टरांनी स्वतःच्या दवाखान्यातून औषध द्यावं की नाही. निमित्त झोपेच्या गोळ्यांचं. ओळखीतल्या एका मुलाला त्यांची सवय लागली, आणि एकानं लिहिलं, "अमेरिकेत डॉक्टर फक्त चिठ्ठी देतो. आपल्याकडंही देणं बंदच करा." खाली अंगठ्यांची रांग.

मी अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टॅम्पात फार्मसिस्ट आहे, आणि अमेरिकेचा असा अर्धवट दाखला वाचला की माझं डोकं तापतं. इथंही डॉक्टर औषध देऊ शकतो. फ्लोरिडात पैसे घेऊन देणार असेल तर डॉक्टरांना परवाना देणाऱ्या बोर्डाकडं तशी वेगळी नोंदणी करावी लागते. नियंत्रित, म्हणजे व्यसन लावू शकणाऱ्या औषधांसाठी डीईए या केंद्रीय यंत्रणेकडं नोंदणी, दर दोन वर्षांनी साठ्याची मोजणी, शेड्यूल दोनचं, म्हणजे सवयीचा मोठा धोका असलेलं औषध मागवायचं तर फॉर्म २२२ हा खास कागद, आणि सगळे कागद किमान दोन वर्षं जपून. इतकं सांभाळायची तयारी असेल त्यानं खुशाल द्यावं.

फ्लोरिडात डॉक्टरनं औषध देण्यावर बंदी आली ती फक्त शेड्यूल दोन आणि तीनवर, २०११ साली. का आली, हे ग्रुपवर कुणी विचारत नाही. २०१० मध्ये स्वतःच्या दवाखान्यातून सर्वांत जास्त ऑक्सिकोडोन (अफूच्या जातीचं, सवय लावणारं वेदनाशामक) देणाऱ्या देशातल्या १०० डॉक्टरांपैकी ९८ फ्लोरिडातले होते. केंटकी, ओहायोच्या गाड्या आय-७५ महामार्गावरून गोळ्या न्यायला यायच्या. माणसं मेली, मग कायदा झाला. शस्त्रक्रियेनंतरच्या मोजक्या दिवसांसारखे अपवाद तेवढे ठेवले. २०१८ पासून तात्पुरत्या दुखण्याला शेड्यूल दोनची ओपिऑइड, म्हणजे ऑक्सिकोडोनसारखी गोळी तीन दिवसांचीच मिळते. सात दिवसांची हवी तर डॉक्टरनं चिठ्ठीवर 'अक्यूट पेन एक्सेप्शन' (तीव्र वेदनेचा अपवाद) असे शब्द लिहायचे. ते राहिले, की ऑपरेशन झालेला माणूस वॉकर धरून माझ्या काउंटरपुढं ताटकळतो आणि मी सर्जनच्या ऑफिसला फोन लावून होल्डवर थांबते. हे आपल्याकडं न्यायचंय का तुम्हाला?

आणि आपल्याकडं कायदा नाही, हे कुणी सांगितलं? औषध नियम १९४५ च्या अनुसूची के मध्ये, म्हणजे सवलतींच्या यादीत, डॉक्टरला स्वतःच्या पेशंटला औषध द्यायची मुभा आहे, पण अटींवर. दुकान थाटायचं नाही. परवानाधारकाकडूनच खरेदी करायची, बॅच नंबरसकट नोंद ठेवायची. अनुसूची एच किंवा एक्स मधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारं औषध असेल तर लेबलवर डॉक्टरचं नाव-पत्ता आणि डोस हवा. पेशंटचं नाव, औषध, मात्रा, तारीख रजिस्टरमध्ये हवी, त्या नोंदीचा नंबर लेबलवर हवा, आणि रजिस्टर दोन वर्षं ठेवायचं. इथल्यासारखीच दोन वर्षं! बी. फार्म.ला हे आम्ही पाठ केलं होतं.

मग घडतं काय? मागच्या महिन्यात आईनं व्हिडिओ कॉलवर झोपेची गोळी दाखवली. कात्रीनं कापलेला स्ट्रिपचा तुकडा, दोन गोळ्यांचा. नाव कापलेल्या बाजूला गेलेलं, एक्स्पायरीही. मागं फक्त ०.२५ वाचता येत होतं. बहुतेक अल्प्राझोलाम, सवय लावणारी गोळी. आई म्हणाली, "डॉक्टरांनी दिलंय, मग विचारायचं काय त्यात?"

तिचा विश्वास कुठून येतो, ते मला ठाऊक आहे. लहानपणी याच दवाखान्यात कंपाउंडर लाल औषधाच्या बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. पैसे नसले तरी पुड्या मिळायच्या. इथल्या माझ्या पेशंटांना विम्याच्या कार्डाशिवाय कुणी विचारत नाही. त्या दवाखान्याला कुलूप लावा म्हणणाऱ्यांनी आधी मला सांगावं, उद्या ती गोळी कुठं मिळेल? मेडिकलमध्ये, चिठ्ठी न दाखवता. अशा गोळ्यांसाठी अनुसूची एच-१ चं रजिस्टर तिथंही सक्तीचं आहे. गावात ते भरताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

बंदीच्या भाषेची मला भीती वाटते ती वडिलांमुळं. त्यांचा कर्करोग २०१४ च्या आधीचा. अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा १९८५ चा, आणि तेव्हा बऱ्याच राज्यांत वेदना शमवणारं मॉर्फिन ठेवायला रुग्णालयांना चार-चार परवाने लागत. नको ती कटकट म्हणून ठेवतच नसत. भाऊ शहरात जाऊन रिकाम्या हातानं परत यायचा. २०१४ च्या दुरुस्तीनं मान्यताप्राप्त संस्थांना वाट मोकळी केली, वडील गेल्यावर. म्हणून 'कडक कायदा' म्हटलं की मला गोळ्या गिळणारी तरुण पोरं दिसायच्या आधी रात्रभर कण्हणारे वडील दिसतात.

हे ग्रुपवर लिहिलं तर चुलतभावाचं उत्तर आलं: "ताई, तू तिथं बसून आम्हाला शिकवू नकोस." झोंबलं. माझा पासपोर्ट बदलला, मत तिथं देता येत नाही, आईला रात्री उठून पाणीही देता येत नाही. तिच्यासाठी मला येतं ते एवढंच, औषधाचं काम. तेही मी इथल्या अनोळखी लोकांसाठी करते, गोळ्या दोनदा मोजून, सही करून.

डिसेंबरात येईन तेव्हा डॉक्टरांकडं रजिस्टर मागणार आहे. नसेल तर वही मीच आणून देईन, पहिल्या पानाचे रकाने आखून. तरीही नाही म्हणाले, तर अन्न व औषध प्रशासनाकडं अर्ज करावा लागेल. वडिलांच्या शेवटच्या रात्री घरी आले होते ते हेच डॉक्टर. त्यांच्या नावानं अर्ज लिहायचा म्हटलं तर आत्ताच पोटात गोळा येतो, पण लिहीन.