भाताच्या खाचरात कापूस कसा लावावा

मुंबईत राहताय, रोह्याकडे वाडवडिलांचं खाचर आहे, भातात काही सुटत नाही म्हणून कापूस लावायचा म्हणताय? वा! दादरच्या हॉलमध्ये फी भरून एका कन्सल्टंटचं भाषण ऐकलं आणि आमच्या दादाने ह्या जूनमध्ये सामायिक जमिनीत नेमकं हेच केलं, त्यामुळे सल्ला एकदम ताजा आहे.

हिशोब सोपा. कापसाला हंगामात ७०० मिलिमीटरच्या आसपास पाणी पुरतं, रायगडात ३००० च्या घरात पडतो, म्हणजे चौपट पीक येणारच.

भाताच्या मुळाखोडात हवेच्या पोकळ्या असतात, पाण्यात उभं राहूनही मुळं श्वास घेतात. कापसाला ती सोय नाही, त्याला पॉझिटिव्ह थिंकिंग शिकवा.

पाणी साचलं की पंप लावा. वर्षानुवर्षं चिखलणी करून खाली जो घट्ट थर बसलाय तो पाणी मुरू देत नाही, म्हणून उपसायचं, आणि टाकायचं कुठे तर खालच्या खाचरात, शेजाऱ्याच्या, ज्याची लावणी कालपरवा झालीय, रोपं अजून धरली नाहीत, ती तरंगायला लागली की तो फोन कोणाला करणार? दादाला नाही, दादा मीटिंगमध्ये. मला, परळच्या ब्रिजवर, गर्दीत. बरं, वरच्या खाचराचं पाणी काय थांबतंय, पंप बंद केला की परत घोटाभर, की परत डिझेल, आणि निम्मे पैसे मी जीपे करायचे, कारण जमीन सामायिक!

पानं पिवळी पडली, युरिया. पाती, म्हणजे फुलांच्या कळ्या, गळाली, युरिया.

वेचणीची चिंता नको, बोंडं कुजतातच.

म्हणे मुंबईत एवढ्या कापडाच्या गिरण्या होत्या, मग कोकणात कापूस का नाही? अहो कन्सल्टंट, तो कापूस वऱ्हाड-खानदेशातून रेल्वेने यायचा!

आणि दादा, तू. आख्खा गाव भातच लावतो तो काय येडा म्हणून? बांधावर उभं राहून म्हातारी माणसं नको नको म्हणत होती, तू त्यांना यूट्यूब दाखवलंस. भात काढल्यावर त्याच ओलीवर वाल होतो, दरवर्षी मडक्यात भाजलेल्या शेंगांची पोपटी खायला पहिला हजर असतोस, तो वाल जास्त लावायचा होतास ना पैसाच हवा होता तर. वर्षाचा तांदूळ घालवलास घरचा. आता दोन्ही घरांचा दुकानातून तूच आणायचा, शेजाऱ्याची भरपाईही तूच द्यायची, आणि डिझेलसाठी मला परत मेसेज करायचा नाही.