साठ कशाला, वीस बास!

"सर, साठ कशाला? वीस बास की. तेवढीबी नसत्यात तुमच्या तासाला."

सांगलीत, विश्रामबागेतल्या एका झेरॉक्सवाल्यानं परवा साठ प्रती मागितल्यावर मला हे भर गर्दीत ऐकवलं. गर्दी कुणाची, तर माझ्याच वर्गाची. त्यातले काही चेहरे मी प्रवेशाच्या दिवसानंतर प्रथमच पाहत होतो. बार कौन्सिलच्या कायदे-शिक्षणाच्या २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी सांगितली आहे. आमच्याकडं ती भरते, फक्त भरायची जागा वेगळी आहे, एवढं त्या दिवशी कळलं.

मी करार कायदा शिकवतो. वर्गात प्रश्न टाकावा, पोरांनी भांडावं, भांडता भांडता कलम गळी उतरावं, अशी माझी रीत. तिला पोरं 'सरांचं विषयांतर' म्हणतात. त्या दिवशी बेलमेंटवर, म्हणजे आपला माल दुसऱ्याच्या ताब्यात सांभाळायला देण्यावर, एक कागद तयार केला होता. उदाहरण इथलंच. हरिपुरातल्या एका पेवाच्या, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्याच्या, मालकाकडं व्यापाऱ्यानं भाडं भरून हळद ठेवली. कृष्णेला पूर येणार अशी सूचना आली. मालकानं रातोरात स्वतःचं पेव रिकामं केलं, व्यापाऱ्याचं राहिलं, पाणी शिरलं, हळद गेली. भरपाई द्यायची का? कलम १५१ म्हणतं, सर्वसाधारण शहाणपणाचा माणूस तसल्याच स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी दुसऱ्याच्या मालाची घ्या. तेवढी घेतली असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर १५२ प्रमाणं नुकसान अंगाला लागत नाही. २००५ च्या पुरात हरिपूरची किती तरी पेवं खरोखर बुडाली, त्यामुळं हे उदाहरण लंडनहून मागवावं लागत नाही. आमची पुस्तकं मात्र अजून १८९३ च्या इंग्रजी खटल्यातल्या स्मोक बॉलचा धूर हुंगत बसली आहेत.

तर दुकानदार. पोरं त्यांना अण्णा म्हणतात. बारीक अंगकाठी, चष्मा कपाळावर, खिशाला शाईचा डाग. कागद काचेवर पालथा घालण्याआधी सबंध वाचायची खोड. माझाही वाचला.

"ह्ये काय छापतायसा?"

"प्रॉब्लेम आहे, अण्णा. वर्गात चर्चेला."

"किती मार्काला?"

"मार्क नाहीत. विचार करायला."

अण्णांनी मशीन थांबवलं. चष्मा नाकावर आणला. "पेव येत न्हाई, सर."

"म्हणजे?"

"परीक्षेला. बेलमेंटवर आलं तर 'ड्युटीज ऑफ बेली' येतंय. धा मार्क. न्हाईतर टीप. पेव कवाच आलं न्हाई." मग काउंटरवरच्या 'आयएमपी'च्या, म्हणजे हमखास येणाऱ्या प्रश्नांच्या, गठ्ठ्यावर हात ठेवून ते गंभीरपणे म्हणाले, "मोहोरीबीबीची केस अधिक महिन्यागत हाय, टायमाला येतीच. गेल्या साली येऊन गेली. म्हंजे यंदा लालमन शुक्ला."

मागं दोन-तीन पोरांनी ताबडतोब लालमन मागितला.

हा लालमन म्हणजे एक मुनीम. मालकाचा पळून गेलेला पुतण्या तो ऋषिकेशातून हुडकून काढतो. मागं ५०१ रुपयांचं बक्षीस जाहीर झालेलं त्याला ठाऊक नसतं, म्हणून १९१३ साली अलाहाबादचं हायकोर्ट त्याला हात हलवत परत पाठवतं. एवढं सगळ्यांना पाठ. 'ठाऊक असतं तर मिळालं असतं का? शोधायलाच तर मालकानं धाडलं होतं त्याला' असं विचारलं, की वर्गात पंख्याचा आवाज ऐकू येतो.

माझंही डोकं फिरलं. म्हटलं, "परीक्षेचं सोडा हो अण्णा. तुम्हीच सांगा, पेवाच्या मालकानं भरपाई द्यायची का?"

"न्हाई."

"का?"

"तुम्हीच लिवलंय की, साधारण शहाण्या माणसागत वागायचं. मग पूर आला तर साधारण शहाणा माणूस पैल्यांदा कुणाची हळद काढंल? सोताची! दुसऱ्याची आधी काढली तर त्यो शहाणा कसला? त्यो संत!"

मागून एक मुलगी बोलली. तिचा आवाज मी प्रथमच ऐकत होतो. "पण अण्णा, भाडं घेतलंय ना त्यानं?"

"भाडं जागंचं घेतलंय, बाळ. हळदीचं घेतलंय व्हय? आमच्या मामाचं पेव हुतं हरिपुरात, मला काय सांगतीस! आन दुसरं, पेव उघडलं की लगीच आत उतरता येत न्हाई. कोंडलेली हवा असती, माणूस आतच गार व्हतोय. तासन्‌तास उघडं टाकावं लागतंय. एका रात्रीत दोन-दोन पेवं उपसायची कुणी, सर?"

मी गप्पच झालो. जागा भाड्यानं दिली की माल ताब्यात दिला, हा या प्रश्नातला खरा काटा. तो मी कागदात मुद्दाम पुरून ठेवला होता, आणि वर्षअखेरपर्यंत कुणी उकरेल अशी आशा नव्हती. कोंडलेल्या हवेचा मुद्दा तर बचावाच्या वकिलानं फी घेऊन सांगावा असा. काउंटरभोवती पोरं चक्क भांडायला लागली. एकजण म्हणाला, सूचना सकाळीच आली असेल तर? दुसरा म्हणाला, मालकानं व्यापाऱ्याला फोन तरी करायचा! मला वर्गात जे हवं असतं ते सगळं इथं चाललं होतं, टोनरच्या वासात, पाटीवर 'उधार बंद' लिहिलेलं असताना.

"अण्णा, हेच! हेच उत्तर!" मी जवळजवळ ओरडलोच.

"ह्ये उत्तर न्हाई, सर," अण्णा शांतपणे म्हणाले. "ह्ये बोलणं झालं. उत्तराला हेडिंग लागतंय."

मग अण्णांनी मला, म्हणजे नेट-सेट पदरी बांधलेल्या माणसाला, उत्तर कसं लिहायचं ते समजावलं. आधी प्रस्तावना. मग व्याख्या, कलमाच्या आकड्यासकट. मग मुद्दे, निळ्या पेनानं, खाली काळ्यानं रेघ. दोन केस लॉ, चौकटीत. शेवटी निष्कर्ष. "पुरवणी घेतल्याबिगर धा मार्क पडत न्हाईत, ह्ये पोरास्नी सांगत जावा."

इथं हसू यायचं थांबतं. कारण अण्णा खोटं बोलत नव्हते. समोर उत्तरपत्रिकांचा ढीग आणि हातात मोजका वेळ असला, की परीक्षकाला रेघ दिसते, युक्तिवाद दिसत नाही. पुढं वकिलीसाठी बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा द्यायची, तर तिथं टिपा नसलेलं कायद्याचं पुस्तक सोबत न्यायला परवानगी असते. कोर्टात तर पुस्तक हातातच. म्हणजे पाठ केलेलं कलम आयुष्यात एकाच ठिकाणी लागतं, ते म्हणजे आमच्या परीक्षेत. तेवढ्यासाठी तीन किंवा पाच वर्षं पोरं व्याख्या घोकतात, आणि पहिल्याच अशिलानं 'साहेब, माझी हळद गेली' म्हटलं की सीनियरच्या तोंडाकडं बघतात. याचा दोष 'पोरं वाचत नाहीत' म्हणून पोरांवर टाकला की आम्ही चहाला मोकळे.

विशेष म्हणजे हे झेरॉक्सचं यंत्रही आमच्याच धंद्याचं अपत्य. चेस्टर कार्लसन एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करायचा, रात्री न्यूयॉर्कच्या लॉ स्कूलमध्ये शिकायचा. कायद्याची पुस्तकं परवडेनात, म्हणून लायब्ररीत बसून पानंच्या पानं हातानं उतरवायचा. हात दुखून आला, तेव्हा १९३८ च्या ऑक्टोबरात त्यानं कोरड्या छपाईची पहिली नक्कल काढली. म्हणजे कायदा वाचता यावा म्हणून निघालेलं यंत्र, आणि आज ते कशाला उपयोगी पडतं तर कायदा न वाचायला.

हार्वर्डचा लँगडेल नशीबवान. १८७० मध्ये डीन झाला आणि व्याख्यान बंद करून पोरांना खटले वाचायला लावून उलटसुलट विचारायला लागला. सुरुवातीला पोरांनी त्याच्याही तासाकडं पाठ फिरवली, मोजकी टाळकी उरली. पण हार्वर्डच्या फाटकाबाहेर अण्णा नव्हते. पुढं अख्ख्या अमेरिकेनं त्याची पद्धत उचलली. इथं त्यानं जून ते नोव्हेंबर एवढंच एक सेमिस्टर काढून दाखवावं.

अण्णांचंही एक दुःख आहे, तेही त्यांनी प्रती मोजता मोजता सांगून टाकलं. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली आणि त्यांचे दंड संहितेचे गठ्ठे रातोरात रद्दीत गेले. ३०२ चं १०३ झालं, ४२० चं ३१८. "१८६० पासनं चाललंय म्हणून ढीग मारून ठिवलं हुतं. कुणी भरपाई दिली का मला? तुमचं कॉन्ट्रॅक्ट बरं. १८७२ चं हाय, हलत न्हाई." मग वीस प्रती माझ्यापुढं सरकवल्या आणि एकविसावी स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकली. "असू द्या एक. हेडिंग घालून बघतो."

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो, तर कागद वाटायची गरजच पडली नाही. पोरांच्या बाकांवर माझा कागद आधीच पोचला होता, आणि त्याला टाचून गोल अक्षरातलं एक पान होतं. वर मधोमध, दुहेरी रेघ मारून, 'प्रस्तावना'. खाली पहिलं वाक्य: 'भारत हा कृषिप्रधान देश आहे.' पुढं हळदीचे औषधी गुणधर्म. सर्वसाधारण शहाणा माणूस नाही, मामाचं पेव नाही, कोंडलेली हवा नाही. दुकानात तोंडानं जे जे खणखणीत बोलले होते, ते सगळं अण्णांनी उत्तर लिहिताना गाळलं होतं.

पहिल्या बाकावरच्या पोराला विचारलं, "काय रे, मग भरपाई द्यायची की नाही?"

त्यानं पान उलटून पाहिलं. मागं कोरं होतं.

"सर, ते निष्कर्षात असणार. दुसऱ्या पानावर. ते पान वेगळं घ्यावं लागतं. पाच रुपये जादा आहेत."